ऊर्जेचे चलन शोधणारा उपेक्षित शास्त्रज्ञ

तान्हे मूल दूध ओढत नाही. ओढले तर उलटून टाकते. पोट फुगते, कधी जुलाब होतात, तर कधी आठ-आठ दिवस शी होत नाही. महिने उलटतात, पण बाळ बाळसे धरत नाही. घरातील वडीलधारी मंडळी दृष्ट काढतात, बाळगुटी बदलून पाहतात. डॉक्टर दूध बदलतात, औषधे देतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण साधे निघते आणि काही आठवड्यांत मूल सावरते. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र दोष दुधातही नसतो आणि पोटातही नसतो. तो असतो पेशींच्या आत दडलेल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियामध्ये. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा तयार करण्याचे काम या सूक्ष्म भट्ट्या करतात. त्या मंदावल्या की आतड्यांना पुढे सरकवण्याचे, अन्नरस शोषण्याचे बळ उरत नाही.

या भट्ट्यांमधून जी ऊर्जा बाहेर पडते ती एका विशिष्ट रसायनाच्या रूपाने. त्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी. मुंगीपासून माणसापर्यंत प्रत्येक सजीवाच्या पेशीत हेच एक चलन चालते. शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक विद्यार्थी ही तीन अक्षरे पाठ करतो. हे रसायन प्रथम शोधणाऱ्या दोन प्रयोगशाळांपैकी एकीत आंध्रातील एका खेड्यातून आलेला, मॅट्रिकला दोनदा नापास झालेला एक भारतीय काम करीत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली तीही पोटाच्याच एका आजाराने.

केळी विकायला निघालेला मुलगा

१२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास प्रांतातील भीमावरम येथे सुब्बाराव यांचा जन्म झाला. सात भावंडांतले ते चौथे. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीला होते. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले आणि घराची ओढाताण सुरू झाली. तेराव्या वर्षी हा मुलगा घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा त्याचा बेत होता. त्याला वाटेतच पकडून परत आणण्यात आले. आई वेंकम्मा कणखर होत्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी दागिने मोडून मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागवला. मॅट्रिकची परीक्षा सुब्बाराव तिसऱ्या प्रयत्नात मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून उत्तीर्ण झाले.

तरुणपणी त्यांच्या मनाने रामकृष्ण मिशनचा ध्यास घेतला होता. संन्यास घेऊन सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. आईने परवानगी दिली नाही आणि आईच्या संमतीविना मिशननेही त्यांना प्रवेश दिला नाही. सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करावी, असा मार्ग पुढे आला आणि सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. शिक्षण सुरू असतानाच शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सासऱ्यांनी शिक्षणाचा भार उचलला.

ते दिवस गांधीजींच्या असहकाराच्या हाकेचे होते. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा डगला घालून उभे राहू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेतील कामगिरी चांगली असूनही सुब्बाराव यांना एमबीबीएस ही पूर्ण पदवी मिळाली नाही. एलएमएस या कमी दर्जाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेचे दारही उघडले नाही. अखेर त्यांनी तेथील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी धरली.

घरातला आजार

याच काळात घरावर घाला पडला. सुब्बाराव यांचे दोन भाऊ अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू, म्हणजे आपल्याकडे ज्याला साधारणपणे संग्रहणी म्हणतात त्या प्रकारचा. या आजारात आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि धडधाकट माणूस काही महिन्यांत हाडांचा सापळा होतो. त्या वेळी पाश्चात्त्य वैद्यकाकडे यावर खात्रीचा इलाज नव्हता. पुढे खुद्द सुब्बाराव यांनाही या आजाराने गाठले आणि ते मद्रासचे ख्यातनाम वैद्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी बरे झाले.

भाऊ ज्या आजाराने गेले त्याचे कारण शोधायचे, हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची निवड केली. सासऱ्यांची मदत आणि काकीनाडा येथील एका धर्मादाय निधीचे साह्य घेऊन ते निघाले आणि २६ ऑक्टोबर १९२२ रोजी बोस्टन बंदरावर उतरले. शिक्षण आटोपून काही वर्षांत परतायचे, असे ठरले होते. ते परतले नाहीत. पत्नीची आणि त्यांची भेट पुन्हा कधी झाली नाही.

बोस्टनमध्ये पैशाची चणचण होती. भारतातील प्रमाणपत्रावर तेथे डॉक्टर म्हणून काम करता येत नव्हते. दिवसा अभ्यास करायचा आणि रात्री पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात हमालाचे काम करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रुग्णांचे बेडपॅन धुण्याचे कामही त्यांनी केले. उष्ण कटिबंधातील रोगांची पदविका हाती पडल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली रुजू झाले.

निळ्या रंगातून एटीपीकडे

फिस्क यांना रक्त आणि लघवीतील फॉस्फरस नेमका किती, हे मोजायचे होते. सुब्बाराव यांनी त्यासाठी एक सोपी रीत बसवली. नमुन्यातील फॉस्फेटची मॉलिब्डेटशी अभिक्रिया घडवून आणायची आणि मग त्याला निळा रंग आणायचा. रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही फिस्क-सुब्बाराव पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली आणि जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्पिढ्या त्यावर शिकल्या.

या रीतीने स्नायूंतील फॉस्फरस मोजत असताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अभिक्रिया सुरू झाल्यावर रंग एकदम न चढता हळूहळू चढत होता. आम्लाच्या स्पर्शाने तुटणारे एखादे नाजूक संयुग स्नायूत असावे आणि त्यातून फॉस्फेट सुटत असावे, असा अर्थ त्यातून निघत होता. १९२७ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी ते संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटिन असल्याचे दाखवून दिले. स्नायू थकला की ते घटत असे आणि विसावला की पुन्हा भरून येत असे. स्नायूंना बळ लॅक्टिक आम्लापासून मिळते, असे तोवर मानले जाई. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल मिळाले होते. ती समजूत आता डळमळली.

दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, याच शोधातून एटीपी हाती आले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे ते वेगळे काढले. एटीपीच्या रेणूला तीन फॉस्फेटची शेपटी असते. शेवटचा फॉस्फेट गळून पडला की ऊर्जा मोकळी होते आणि तो पुन्हा जोडला की चलन नव्याने खणखणीत होते. दिवसभरात माणसाचे शरीर जवळपास स्वतःच्या वजनाइतके एटीपी मोडते आणि पुन्हा घडवते. ही घडवण्याची टांकसाळ म्हणजे तंतुकणिका, हे युजिन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले ते १९४८-४९ मध्ये. तोवर सुब्बाराव यांचा जीवनपट संपत आला होता.

इतके होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. श्रेयाच्या बाबतीत ते संकोची होते आणि फिस्क यांचे नाव पुढे राहावे अशी भूमिका त्यांनी घेतली, असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. फिस्क मात्र तितके उदार नव्हते. १९८८ चे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज एके काळी याच प्रयोगशाळेत होते. सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही न्यूक्लिओटाइड संयुगे फिस्क यांच्या असूयेमुळे प्रकाशात आली नाहीत आणि ती इतरांना पुन्हा शोधावी लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले.

संग्रहणीवर उतारा

१९४० मध्ये सुब्बाराव यांनी हार्वर्ड सोडले आणि न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ते गेले. लवकरच तेथील सारे संशोधन त्यांच्या देखरेखीखाली आले. येथे त्यांनी जुना धागा पुन्हा हाती घेतला. यकृताच्या अर्कात रक्तक्षय हटवणारे काहीतरी असते, हे माहीत झाले होते. ते नेमके काय, याचा शोध त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला.

या कोड्याचा एक दुवा मुंबईत सापडला होता. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास ती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून करीत होती. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने त्या स्त्रियांचा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्यातील गुणकारी घटकाला नाव नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून तशाच गुणाचा घटक मिळवला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. लेडर्लीतील सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत घडवला आणि पुढच्याच वर्षी त्याची रचना उलगडून दाखवली. यीस्ट आणि पालक यांतून थेंबाथेंबाने मिळणारे औषध आता हवे तितके बनवता येऊ लागले.

आणि मग ते घडले ज्याची सुब्बाराव यांना वीस-पंचवीस वर्षे प्रतीक्षा होती. टॉम स्पाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्रूच्या रुग्णांना फॉलिक ॲसिड दिले आणि ते रुग्ण सुधारू लागले. जीभ बरी झाली, भूक लागू लागली, रक्त वाढले. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. त्यासाठी पेशींना सतत विभागावे लागते आणि विभागण्यासाठी फॉलिक ॲसिड अनिवार्य असते. ते कमी पडले की पहिला फटका बसतो तो आतड्याला आणि रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेला. स्प्रूवर आज फॉलिक ॲसिड आणि प्रतिजैविके मिळून उपचार होतात. सुब्बाराव यांचे भाऊ ज्याने वाचू शकले असते ते औषध सापडले, पण भावांना जाऊन पाव शतक लोटले होते.

पुढचा काळ अक्षरशः शोधांचा होता. फॉलिक ॲसिडने पेशी वाढतात, तर त्याच्यासारखा दिसणारा पण त्याचे काम अडवणारा पदार्थ दिला तर बेसुमार वाढणाऱ्या पेशी रोखता येतील, या विचारातून लेडर्लीने ॲमिनोप्टेरिन बनवले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. सोळापैकी दहा मुलांचा आजार तात्पुरता का होईना मागे हटला आणि जून १९४८ मध्ये ते जाहीर झाले. मुलांच्या ल्युकेमियावर औषध चालू शकते, हे जगाला प्रथमच दिसले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रुग्णालयांत रोज वापरले जाते. हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये याच प्रयोगशाळेने दिले. भारतात हत्तीरोग निर्मूलनासाठी गावोगाव वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते असते. बेंजामिन दुग्गर यांनी शोधलेले ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक, हेही सुब्बाराव यांच्या कारकिर्दीत १९४८ साली बाजारात आले.

८ ऑगस्ट १९४८ रोजी हृदयविकाराने झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३ वर्षे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याची मुभा मिळाली होती, परंतु ते अखेरपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. स्वतंत्र झालेला मायदेशही त्यांनी पाहिला नाही.

टांकसाळच बंद पडते तेव्हा

एटीपीचा शोध लागल्यावर हे चलन कमी पडले तर काय होईल, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे यायला आणखी तीन दशके लागली. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका स्त्रीची माहिती दिली, जी भरपूर खात असूनही वाळत होती आणि थंडीतही घामाघूम होत असे. तिच्या स्नायूंतील तंतुकणिका इंधन जाळत होत्या, पण त्या ज्वलनातली पुष्कळशी ऊर्जा एटीपी होण्याऐवजी उष्णता बनून वाया जात होती. तंतुकणिकेच्या बिघाडाने होणाऱ्या आजाराची ही पहिली नोंद. १९८१ मध्ये तंतुकणिकेतील १६,५६९ अक्षरांची आणि ३७ जनुकांची स्वतंत्र जनुकीय संहिता वाचली गेली आणि १९८८ मध्ये तिच्यातील दोष प्रथमच रुग्णांत सापडले. असे आजार साधारणपणे पाच हजारांत एकाला होतात, असा अंदाज आहे.

मोठ्यांमध्ये हे आजार स्नायूंच्या दुबळेपणाने, दृष्टी किंवा श्रवण मंदावल्याने उघड होतात. तान्ह्या मुलांत मात्र अनेकदा पहिली तक्रार पोटाची असते. लहान जिवाची वाढ झपाट्याने होत असते, तेव्हा ऊर्जेची मागणीही मोठी असते. आतड्याच्या भिंतीतील स्नायू दिवसरात्र आकुंचन पावत राहतात. अस्तरातील पेशी क्षारांचे पंप चालवून अन्नरस आत ओढतात. यकृत आणि स्वादुपिंडही तितकेच राबतात. हे सारे एटीपीवर चालते. म्हणून मूल दूध घेत नाही, उलट्या करते, पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, बद्धकोष्ठता किंवा जुलाब होतात आणि वजन भरत नाही. काही मुलांत थेट यकृतच निकामी होते.

अर्थात प्रत्येक उलटी करणाऱ्या बाळाला हा आजार असतो असे मुळीच नाही. पोटाच्या तक्रारीबरोबरच मूल अंगाने सैल पडत असेल, झटके येत असतील, शिकलेले विसरत असेल, साध्या तापानंतर अचानक खालावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या मनात ही शंका यायला हवी. रक्तातील लॅक्टेट आणि जनुकीय तपासणीतून निदानाकडे जाता येते. तान्ह्या मुलांतील असे बरेच आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होतात. म्हणूनच नात्यात लग्न झालेल्या घरांत त्यांचा धोका अधिक. तंतुकणिकांची स्वतःची जनुके मात्र केवळ आईकडून येतात. तो वारसा तोडण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका वापरण्याची परवानगी ब्रिटनने २०१५ मध्ये दिली आणि या मार्गाने आठ बाळे जन्मल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. बहुतेक रुग्णांसाठी मात्र अजून मूळ इलाज नाही. पोषण सांभाळायचे, उपाशी ठेवायचे नाही, ताप वाढू द्यायचा नाही आणि ज्या थोड्या प्रकारांत एखाद्या जीवनसत्त्वाने फरक पडतो ते वेळेत ओळखायचे, हाच उपाय.

या आजारांपैकी एक पिअर्सन सिंड्रोम. १९७९ मध्ये त्याचे वर्णन झाले. तंतुकणिकेच्या संहितेतील मोठा तुकडा गळालेला असतो. मूल जन्मानंतर काही महिन्यांतच पांढरेफटक पडते, कारण अस्थिमज्जा रक्त बनवू शकत नाही. आणि स्वादुपिंडाचे पाचकरस आटल्याने खाल्लेले अंगी लागत नाही. रक्तक्षय आणि आतड्याची उपासमार, दोन्ही एकत्र. सुब्बाराव यांच्या घरातील आजाराचेही चित्र हेच होते, कारण मात्र निराळे. यातून वाचलेल्या काही मुलांना पुढे कर्न्स-सेअर नावाचा आजार जडतो. डोळे, हृदय आणि मेंदू यांवर परिणाम होतो. या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात फॉलेट फार कमी असल्याचे आढळले आहे, कारण ते तेथवर पोहोचवायलाही ऊर्जाच लागते. अशा मुलांना फॉलिनिक ॲसिड, म्हणजे फॉलिक ॲसिडचेच एक रूप, औषध म्हणून दिले जाते.

एटीपी आणि फॉलिक ॲसिड हे सुब्बाराव यांच्या आयुष्याचे दोन वेगळे अध्याय. एक हार्वर्डच्या प्रयोगशाळेतला, दुसरा लेडर्लीतला. ते दोन्ही आज एकाच आजारी मुलाच्या केसपेपरवर एकत्र येतात.

टपाल खात्याने १९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त सुब्बाराव यांचे तिकीट काढले. एका बुरशीला त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसिस हे नाव आहे. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत त्यांनी घडवलेले फॉलिक ॲसिड असते. पोटातल्या बाळाचा पाठीचा कणा आणि मेंदू नीट घडावा म्हणून ते दिले जाते. ती गोळी घेणाऱ्या स्त्रीला सुब्बाराव हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण एखाद्या घरी बाळ दूध पिऊन शांत झोपते आणि हळूहळू गालावर बाळसे चढू लागते, तेव्हा दोन भावांसाठी वेळेवर पोहोचू न शकलेल्या एका माणसाचे श्रम थोडे तरी फळाला आलेले असतात.